डावं पान, उजवं पान

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. आमच्या गावच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींचे. आई-वडिलांनी जन्म दिला, राबून वाढवलं, ते ऋण वेगळंच आहे. पण आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, आज पाटोदा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो, पोरं मला 'सर' म्हणतात, हे गुरुजींमुळे. पुढे जे लिहायचं आहे ते वाचून मी कृतघ्न आहे असं कोणाला वाटू नये, म्हणून हे पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवतो.

आमचं गाव घाटनांदूरपासून सहा-सात किलोमीटर आत. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळीचा ट्रक शाळेसमोरच्या पटांगणात येऊन उभा राहायचा. भांडी, बोचकी, कोंबड्यांची डालगी, शेळ्या, कोयते आणि सगळ्यांत वर पोरं. तीन वर्षं मीही असाच गेलो. चौथीला होतो तेव्हा बोचक्यावर जागा धरून बसलो होतो आणि गुरुजी काखेत हजेरीपट घेऊन आले.

मुकादम हसून म्हणाला, "गुरुजी, तुमी बी येताव का तोडीला? एक कोयता कमीच पडायलाय."

"येतो की. आधी हजेरी तर घेऊ दे," गुरुजी म्हणाले, आणि पट उघडून त्यांनी माझं नाव मोठ्यानं पुकारलं. मी सवयीनं "हजर" म्हणालो. सगळा ट्रक हसला.

"ऐकलं का? पोरगं हजर हाय. हजर पोरगं मी गावाबाहेर जाऊ देत न्हाई. उतरव त्याला."

वडील खालीच उभे होते. "गुरुजी, ठिवू कुठं ह्याला? सहा म्हैने कोण बघंल?"

"चुलत्याकडं झोपंल. दुपारचं माझ्याकडं खाईल. अजून काय?"

वडिलांनी मला बगलेत धरून खाली घेतलं. आईनं वरूनच बोचक्यात हात घालून माझं दप्तर शोधलं आणि खाली टाकलं.

तेव्हापासून सातवीपर्यंत दर वर्षी ते सहा महिने मी दुपारी गुरुजींच्या घरी जेवलो. आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या पूर्वेला वेशीबाहेर. गुरुजी शेतकरी घरातले, बदली होऊन आले आणि इथंच घर बांधून राहिले. त्यांच्या स्वयंपाकघरात मी त्यांच्याच मुलांशेजारी बसून जेवायचो. ताट वेगळं नव्हतं, तांब्या वेगळा नव्हता. गावात तेव्हा यावर बोललं जायचं. गुरुजींच्या बाई वाढता वाढता म्हणायच्या, "बोलू दे लोकान्ला. तू भाकरी मोडून खा, नुसती आमटी पिऊ नको." हेही मी लिहिलंच पाहिजे.

गुरुजींना गावाच्या जुन्या गोष्टींचा नाद होता. रविवारी ते आम्हा तीन-चार पोरांना घेऊन निघायचे. शिवारातली जुनी बारव, टेकडीवरच्या देवळाचे पडके खांब, ओढ्याकाठची दगडी डोणी. प्रत्येकाकडे एक वही. तिचा नियम एकच होता. डाव्या पानावर ऐकलेलं लिहायचं, उजव्या पानावर डोळ्यांनी पाहिलेलं. ऐकलेलं कोणाकडून ऐकलं तेही लिहायचं. पाहिलेल्याचं चित्र काढायचं आणि वितीनं माप घ्यायचं.

"दोन्ही मिसळलं की वही चुलीत घालायची," ते म्हणायचे. "मग ती वही न्हाई, ती पारावरची गप."

माझ्या वहीचं पहिलं पान मला अजून पाठ आहे. डावीकडे: 'बारवेतून अंबाजोगाईपर्यंत भुयार आहे, घोडेस्वार जाईल एवढं. असं किराणा दुकानवाले काका म्हणाले.' उजवीकडे: 'मी आत गेलो. चार हातांवर भिंत लागली. वटवाघळं होती. मी परत आलो.' गुरुजींनी ते वाचलं आणि पोटावर हात धरून हसले. मग खाली तांबड्या शाईनं लिहिलं, 'शाब्बास. दोन्ही पानं जपून ठेव.'

आता त्या दगडाबद्दल.

आमच्या गावच्या वेशीच्या उजव्या अंगाला कमरेएवढ्या उंचीचा एक दगड उभा आहे. असे दगड मराठवाड्यात गावोगावी दिसतात. त्यांना वीरगळ म्हणतात. लढताना पडलेल्या माणसाची आठवण म्हणून ते उभे करत. खालच्या चौकटीत तो कसा मेला ते कोरलेलं असतं, वर चंद्र आणि सूर्य. माझ्या लहानपणी आमच्या दगडाला डोक्यावर तेवढा शेंदूर होता. बाकीचा दगड उघडा होता.

एका रविवारी गुरुजी म्हणाले, "ह्या दगडाचं डावं पान तुझ्या घरी हाय. चल."

वडील तोडीवरून नुकतेच आले होते. गुरुजी आमच्या दारात बाजेवर बसले, वडील उंबऱ्यावर, मी वही घेऊन खाली. वडिलांनी आधी टाळलं. "गुरुजी, ते गावकीचं हाय. आमी सोडलं ते सगळं. कावून उकरताव?"

"पाया पडायला न्हाई सांगत. काय झालतं तेवढं सांगा. पोरगं लिवून घेईल."

मग वडिलांनी सांगितलं. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या वेसकराचं. वेसकर म्हणजे वेशीवर राखण करणारा. हातात घुंगरांची काठी, बाकी काही नाही. कधीतरी फार पूर्वी लुटारू आले आणि गावची जनावरं हाकून न्यायला लागले. गाव दारं लावून बसलं. आमचा एक पूर्वज काठी घेऊन वेशीत आडवा झाला. जनावरं परत फिरली, तो तिथंच पडला. "त्याचं नाव काय, ठावं न्हाई," वडील म्हणाले. "आमच्यातल्याचं नाव कोण ध्यानात ठिवतंय? दगड तेवढा ठिवला गावानं."

त्या दगडामुळे पोळ्याला एक रीत होती. गावची बैलं सजून वाजतगाजत वेशीपाशी यायची. आमच्या घरातला वेसकर दगडाशेजारी उभा राहून वाटेत काठी आडवी धरायचा. पहिला मान पाटलांच्या बैलजोडीचा, पण तीही काठीपाशी थांबायची. वेसकरानं काठी उचलली की मगच बैलं गावात शिरायची. वर्षातून एकदा, काठी उचलेपर्यंत, सगळं गाव आमच्या माणसासमोर उभं असायचं.

मग धर्मांतर झालं. वस्तीनं गावकीची सगळी कामं सोडली. मेलेली ढोरं ओढणं सोडलं, सांगावे पोचवणं सोडलं, दारोदार भाकरी मागणं सोडलं. माझ्या आजोबांनी त्या वर्षीच्या पोळ्याला काठी दगडाला टेकवून ठेवली आणि घरी निघून आले. माझे वडील तेव्हा लहान होते, त्यांच्या मागं उभे होते. "बैलं थांबलीच न्हाईत," ते म्हणाले. "काठी पाडून आत गेली. बाप म्हणला, मागं बघू नको."

मी हे सगळं डाव्या पानावर लिहिलं. खाली गुरुजींनी वडिलांचा अंगठा घ्यायला लावला. वडील हसले, "ही काय कोर्टाची तारीख हाय का?"

"कोर्टापेक्षा मोठी हाय," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या वेळी त्यांनी मला दगडापाशी नेलं. तिरपं ऊन पडलं की झिजलेलं कोरीव काम उठून दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. दगडावर पाणी टाकलं. खालच्या चौकटीत तीन जनावरं दिसली, तोंडं गावाकडं वळलेली. त्यांच्यापुढे एक माणूस.

"घोडा हाय का?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई. पायी हाय."

"तलवार?"

मी बोट फिरवून पाहिलं. "न्हाई. काठी हाय. शेंड्याला बारीक बारीक गोल हायत."

"किती?"

"पाच."

गुरुजींनी वाकून त्या गोलांवरून स्वतः बोट फिरवलं. मग म्हणाले, "घुंगरं. तुझ्या बापाचं डावं पान आणि हे उजवं पान जुळलं. असं लई कमी वेळा होतंय बघ. हा माणूस तुझा हाय."

मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आमच्या घराला मागं कोणी आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. इतिहास हा विषय मी पुढे का घेतला, असं मुलाखतीत विचारलं होतं. मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. खरं उत्तर हे होतं.

पुढचं शिक्षण घाटनांदूरला झालं. कॉलेजचा अर्ज गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात भरला, मला एसटीनं अंबाजोगाईला घेऊन गेले, आणि कार्यालयाच्या रांगेत माझ्याऐवजी स्वतः उभे राहिले. मी पदवीधर झालो तेव्हा त्यांच्या बाईंनी मला ओवाळलं. नोकरी लागली, लग्न झालं, पाटोद्याकडे राहायला गेलो. वर्षातून दोनदा गावी यायचो. दर वेळी दगडावरचा शेंदूर वाढलेला दिसायचा. डोक्यावरून तो खांद्यावर आला, मग चौकटींवर. अमावास्येला नारळ फुटायला लागले. सरपंचांच्या घरानं वर पत्र्याची शेड घातली. जुनं पाटीलकीचं घर ते, गावातली निम्मी जमीन त्यांची. दगडाला 'वीरबाबा' हे नाव कोणी दिलं, मला माहीत नाही. आमच्या वस्तीतलं कोणी तिकडं जात नव्हतं. जायचं नाही, असंच ठरलेलं होतं. आम्ही जी जागा मोकळी सोडली तिथं दुसरं कोणी बसू शकतं, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी गुरुजींचा फोन आला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. "गावाचं पुस्तक लिहायला घेतलंय," म्हणाले. "आयुष्यभर नुसतं वह्याच भरल्या. तुझी ती वही पाहिजे. वेशीचं पान त्याच्याशिवाय होत न्हाई."

मी पुढच्याच रविवारी गेलो. वही स्वच्छ फडक्यात बांधून नेली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. झेरॉक्स काढून ठेवावी असं माझ्या बायकोनं सुचवलं होतं. मी तिला म्हणालो होतो, "गुरुजींकडं द्यायचीय. बँकेत न्हाई."

यंदा पोळ्याच्या आधी परत फोन. पुस्तक छापून आलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, वेशीजवळ मंडप घालून प्रकाशन. "पहिलं भाषण तुझं. तुझ्यावाचून हे होत न्हाई."

"गुरुजी, एक प्रत आधी पाठवता का? वाचून बोललो तर बरं."

"आधी वाचलंस तर भाषणात मजा काय राहिली? मनातलं बोल."

मला ते पटलं. गुरुजींचं मला सगळंच पटत आलं होतं.

मंडप भरला होता. आदल्या दिवशीच्या पोळ्यामुळे बैलांच्या शिंगांना अजून हिंगूळ होता, पोरांच्या हातात फुगे होते. वडील मागच्या रांगेत खुर्चीच्या कडेला बसले होते. पांढरा सदरा, मी दिवाळीला घेतलेला. वेशीच्या आतल्या भागात ते सहसा येत नाहीत. पोराचा सत्कार आहे म्हणून आले होते. टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा लाल कागदात बांधलेला. सरपंचांनी मला शाल घातली, नारळ दिला. माईकवाल्यानं माईक माझ्या उंचीला खाली केला.

मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं, आठवायची इच्छा नसताना. ट्रकाची गोष्ट सांगितली. हजेरीची गोष्ट सांगितली तेव्हा लोक हसले, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. वहीच्या दोन पानांचा नियम सांगितला. आणि शेवटी म्हणालो, "हे पुस्तक मी अजून वाचलेलं नाही. वाचायची गरजही नाही. ज्यांनी मला ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं लिहायला शिकवलं, त्यांच्या पुस्तकातला शब्द न् शब्द खरा आहे, हे मी न वाचता सांगतो."

टाळ्या बराच वेळ चालल्या. मी गुरुजींकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. मला वाटलं, भरून आलं असेल.

कार्यक्रम झाला. पुस्तक काखेत आणि शाल खांद्यावर घेऊन मी वडिलांबरोबर वस्तीकडे निघालो. वेशीतल्या कट्ट्यावर बसलेला माझा एक वर्गमित्र ओरडला, "काय सर, शाल लई शोभायलीय! आता आमच्याशी बोलताव का न्हाई?"

"बोलतो की बे," मी म्हणालो. त्याच्या मागं दगड होता, आणि दगडाशेजारी नवा काळा फलक, सोनेरी अक्षरांचा, हार घातलेला. मंडपाच्या कापडामुळे तो इतका वेळ दिसला नव्हता.

वडिलांना वाचता येत नाही. ते फलकासमोर थांबले. "काय लिवलंय रं?"

मी मनात वाचलं.

"वाच की. शाळा कशाला शिकलास?"

मी वाचलं. सरपंचांच्या घराण्याचे मूळ पुरुष, अश्वारूढ होऊन लुटारूंशी लढले, या जागी धारातीर्थी पडले. खाली लिहिलं होतं, आधार: गुरुजींचं पुस्तक, पान क्रमांक इतका इतका.

मी उभ्या उभ्या पुस्तक उघडलं. त्या पानावर तीच गोष्ट होती, माझ्या वडिलांनी बाजेसमोर बसून सांगितलेली. लुटारू, हाकलेली जनावरं, दारं लावून बसलेलं गाव, आडवा झालेला एकटा माणूस. काठीच्या जागी तलवार होती आणि खाली घोडा होता. आणि परिच्छेदाच्या शेवटी हे वाक्य: 'सदर शिल्पाची प्रत्यक्ष पाहणी माझ्या इतिहास विषयाच्या पदवीधर विद्यार्थ्याने केलेली असून, त्याच्या नोंदींवरून ही माहिती निश्चित करण्यात आली आहे.' पुढे माझं संपूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट.

वडील म्हणाले, "आपलं काय लिवलंय?"

"आपलं काही न्हाई."

"काठीचं?"

"न्हाई."

ते दगडाकडे बघत राहिले. शेंदूर बोटभर जाड होता. खालची चौकट, जनावरं, घुंगरं, काहीच दिसत नव्हतं. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे, आपण सोडलंय ते. आयुष्यभर ते तेच म्हणत आले होते.

"आमी पाया पडायचं सोडलं व्हतं," ते म्हणाले. "तो मेला कसा, ते न्हवतं सोडलं. तुला सांगितलं व्हतं. अंगठा दिलता मी." मग चालायला लागले, आणि पाठमोरेच म्हणाले, "अन् तू तिथं म्हणलास, शब्द न् शब्द खरा."

घरी गेल्यावर ते जेवले नाहीत. मी शाल घडी करून ठेवली.

सकाळी गुरुजींकडे गेलो. बाईंनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. एरवी त्या बसतात. गुरुजींनी मी काय विचारणार ते ओळखलं होतं. मी पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

"त्या एका पानाकडं बघू नको," ते म्हणाले. "बाकीचं पुस्तक बघ. बारव हाय, देवळाचे खांब हायत, डोणी हाय, भुयाराचं तू लिवलेलं हाय तसं हाय. सगळं खरं. हे पान नसतं तर ते काहीच छापलं गेलं नसतं. सरपंचांनी सरळ सांगितलं, आमच्या घरचा माणूस पुस्तकात पाहिजे. मी सत्तरी ओलांडली. वह्या वाळवीला देऊ का?"

"मग माझं नाव कावून घातलं, गुरुजी?"

त्यांनी चहाची बशी सरळ केली. "लोकान्ला पटावं म्हणून. तू म्हणलास तर कोण न्हाई म्हणंल? तुमच्याच वस्तीतला, पदवीधर." मग थोडं चिडून, "आणि तुमच्या लोकांनी तर तो मान स्वतः सोडला. काठी ठिवून गेले. मोकळ्या दगडाला मी कुणाचं नाव देऊ?"

मला उत्तर सुचलं नाही. वर्गात पोरांना उत्तर न सुचल्यावर मी थांबतो, वाट बघतो. तसे गुरुजी माझ्याकडे बघत थांबले नाहीत.

"माझी वही द्या," मी म्हणालो.

"असंल कुठंतरी. प्रेसवाल्याकडं गेलती. बघावं लागंल."

त्यांची नजर क्षणभर भिंतीतल्या कपाटाकडे गेली. गुरुजींच्या हातून कधी खडूचा तुकडा हरवला नाही. मी परत मागितली नाही. उठलो, नेहमीप्रमाणे पायाला हात लावला. मी दारात असताना ते म्हणाले,

"त्या ट्रकातनं तुला कुणी उतरवलं, ते तेवढं विसरू नको."

इतक्या वर्षांत त्यांनी हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. माझ्या लग्नात नाही, सत्कारात नाही, मी स्वतः सांगत असतानाही ते मान खाली घालून "असू दे, असू दे" म्हणायचे. वस्तीपर्यंतची वाट मी कशी चालून आलो ते मला आठवत नाही. कट्ट्यावरून परत कोणीतरी शालीबद्दल काही बोललं एवढं आठवतं.

पाटोद्याला परतल्यावर आठवीच्या वर्गात इतिहासाची साधनं शिकवायची होती. लिखित, मौखिक, भौतिक. मी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली आणि खडू हातात धरून उभा राहिलो. एका मुलीनं विचारलं, "सर, काय लिहू?" मी तिला म्हणालो, थोडं थांब. त्या दिवशी शाळा सुटल्यावर वर्गातच बसून पत्र लिहिलं. फोनवर मी बोलू शकलो नसतो. दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा जे लिहिलं ते पोस्टानं, रजिस्टर करून पाठवलं. ते असं:

आदरणीय गुरुजी,

सविनय नमस्कार. बाईंनाही नमस्कार सांगावा.

मी त्या दिवशी उत्तर न देता आलो. तुम्ही विचारलंत, मोकळ्या दगडाला कोणाचं नाव देऊ. मला आता उत्तर सुचलं आहे. नाव द्यायचं नव्हतं. माझ्या वडिलांनीही नाव दिलं नव्हतं, कारण त्यांना ते माहीत नव्हतं. 'नाव माहीत नाही' असंच मी वहीत लिहिलं होतं आणि तुम्ही त्याखाली 'बरोबर' अशी खूण केली होती.

आजोबांनी काठी खाली ठेवली कारण त्यांना गावाची चाकरी नको होती. ते बरोबरच केलं. पण मरणाऱ्यानं मरताना जे केलं ते चाकरी सोडल्यानं दुसऱ्याचं होत नाही. तुम्हीच मला सांगितलं होतं, हा माणूस तुझा आहे. तो मी मागायला आलो नव्हतो, तुम्ही दिला होता.

ट्रकाची गोष्ट मी विसरलेलो नाही, विसरणार नाही. माझ्या मुलीलाही ती पाठ आहे. पण गुरुजी, तुम्ही मला खाली उतरवलं ते मी खोटं बोलावं म्हणून नव्हतं. नुसतं कोणाच्या कामी यायचं असतं, तर मुकादमाकडेही मी कामाचा होतो. मी मंडपात उभा राहून पुस्तकातला शब्द न् शब्द खरा आहे म्हणालो. ते माझं खोटं आहे, न वाचता बोलल्याचं. तुमच्याकडून निघालो त्याच दिवशी ते मी वस्तीत सर्वांसमोर कबूल केलं आहे. वडील फोनवर माझ्याशी बोलायला लागले आहेत. थोडं थोडं.

माझ्या दोनच विनंत्या आहेत. पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींत त्या पानावर शुद्धिपत्राची चिठ्ठी लावावी. मजकूर एवढाच असावा: 'शिल्पातील माणूस पायी आहे. हातात काठी आहे. घोडा व तलवार नाही.' चिठ्ठ्या मी छापून आणतो आणि रविवारी येऊन स्वतः चिकटवतो. ते जमत नसेल तर त्या वाक्यातून माझं आणि माझ्या वडिलांचं नाव शाईनं खोडावं. सरपंच काय म्हणतील याची काळजी तुम्हाला आहे, हे मी समजू शकतो. ते पान सोडून बाकीचं पुस्तक मी दोनदा वाचलं. ते फार चांगलं आहे. म्हणूनच मला जास्त लागलं.

जुनी वही कपाटात असेल तर राहू द्या. सोबत एक नवी पाठवत आहे. पहिल्या उजव्या पानावर मी आठवलं तसं चित्र काढलं आहे: तीन जनावरं, तोंडं गावाकडे, एक माणूस, काठीला पाच घुंगरं. पाचच होती, मी बोटानं मोजली होती आणि तुम्ही शेजारी उभे होता.

डावं पान मी कोरं ठेवलं आहे. त्या दिवशी आमच्या बाजेवर बसून तुम्ही माझ्या वडिलांकडून जे ऐकलं, ते तुमच्या अक्षरात तिथं लिहून पाठवा. कोणाकडून ऐकलं तेही लिहा. छापू नका, कोणाला दाखवू नका. पण लिहा.

तुमचा विद्यार्थी